खाजनाचा बांध कोणाचा?

नदी म्हटली की आम्हां घाटावरच्या माणसांच्या डोळ्यांपुढे एकाच दिशेने वाहणारे पाणी उभे राहते. मुठा डोंगरातून निघते आणि भीमेकडे जाते. ती जर उद्या मागे वळून खडकवासल्याकडे चालू लागली तर आम्ही ते प्रलयाचे चिन्ह समजू. गोव्यात मात्र मांडवी आणि झुआरी या नद्या दिवसातून दोनदा अशा मागे वळतात, आणि त्याचे तिथे कोणाला काही वाटत नाही. भरतीचे पाणी मांडवीतून सुमारे ५० किलोमीटर आत चढते. पावसाळा सरला की नदीचा गोडा लोट क्षीण होतो आणि समुद्राचे खारेपण तिच्या पोटात वर वर सरकू लागते. अशा नद्यांच्या दोन्ही काठांवर जी सखल, चिखलट जमीन आहे तिची पातळी पुष्कळ ठिकाणी भरतीच्या पाण्याहून खाली आहे. न्यायाने ती जमीन समुद्राचीच म्हणावयाची. परंतु शतकानुशतके तिच्यात भात पिकत आले आहे. या जमिनीला 'खाजन' म्हणतात, आणि गोव्यात असे खाजन सुमारे १८,००० हेक्टर आहे.

आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या खाजनाच्या बांधाविषयी. बांध मातीचा असतो, पण आमचा विषय माती नव्हे. तो बांध राखण्याची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, आणि जाताना वाटेत कुठे सांडली, हा खरा इतिहास आहे. समुद्र आणि नद्या यांचे रक्षण कसे करावे याची चर्चा अलीकडे देशोदेशी फार चालते. तीत मोठमोठ्या योजनांची नावे ऐकू येतात. परंतु एका गावाने एका खाडीचे पाणी हजार वर्षे कसे सांभाळले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

प्रथम ही रचना कशी चालते ते पाहिले पाहिजे, कारण ती नीट कळल्याशिवाय पुढचे भांडण कळणार नाही. नदीच्या अंगाला बाहेरचा मोठा बांध. तो नदीतल्याच चिखलाचा, पेंढ्याने बांधून घट्ट केलेला, आणि जिथे पाण्याचा मार अधिक तिथे जांभ्या दगडाने सावरलेला. बांधाच्या बाहेर, पाण्यात पाय रोवून, कांदळवनाची झाडे. लाटेचा पहिला तडाखा ती खातात, उरलेला बांध खातो. बांधाच्या आत शेते, आणि शेतांमधून वळत वळत गेलेली एक खोलगट पाणवाट, तिला 'पोंय' म्हणतात. ही पोंय जिथे बांधाला येऊन भिडते तिथे 'मानस' असते. मानस म्हणजे बांधातले दार. आमच्या रायगड जिल्ह्यात अशा दाराला 'उघाडी' म्हणतात.

या मानशीचे दार पाहून आम्हांला जे कौतुक वाटले ते मोठमोठ्या धरणांचे पोलादी दरवाजे पाहूनही वाटलेले नाही. लाकडी फळ्यांचे दार वरच्या बाजूला टांगलेले असते. भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच ते आतल्या चौकटीवर दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी त्याला बाहेर ढकलून वाट करून घेते. म्हणजे समुद्राला थोपवण्याचे काम समुद्राकडूनच करवून घेतलेले आहे! मृगाचा पाऊस पडला की शेतातला खार धुऊन पोंयीत उतरतो, पोंयीतून मानशीवाटे नदीत जातो, आणि जमीन भाताजोगी होते. मग 'कोरगुट' या जातीचे भात पेरतात. ते उंच वाढते आणि थोडाफार खार सोसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पीक निघाले की मानस बेताने उघडून खारे पाणी आत घेतात. त्याबरोबर मासळी व झिंगे येतात, पोंयीत वाढतात, आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून धरले जातात. काही ठिकाणी उन्हाळ्यात त्याच पाण्याचे मीठ पिकवतात. एकाच भूमीतून भात, मासळी आणि मीठ. अट येवढीच की पाणी कधी घ्यावे, किती घ्यावे आणि कधी सोडावे हे एकाच्या मर्जीवर असता कामा नये. भातवाल्याला खारे पाणी लवकर बाहेर हवे असते. मासळीवाल्याला ते जितके राहील तितके बरे. सगळ्या व्यवस्थेची गोम या एका भांडणात आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकणची भूमी काढली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कथा सुंदर आहे. परंतु समुद्र एकदा हटवून हटत नाही. तो साधारण दर बारा तासांनी फिरून चौकशीला येतो. त्याला रोजच्या रोज हटवण्याचे काम बाणाने होत नाही, ते टोपलीने आणि फावड्याने होते. गोव्यात जन्मलेले व पुढे पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी गोव्याच्या ग्रामसंस्थेवर १९४७ साली जो निबंध लिहिला (तो पुढे १९६२च्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात आला), त्यात पुराणातला इतिहास आणि जमिनीवरचा इतिहास समोरासमोर ठेवून पाहिला आहे. पुराणकारांनी श्रेय कोणाला दिले आणि चिखल कोणी उपसला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

खाजनाचे प्राचीनत्व मात्र वादाचे नाही. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा या राजाचा जो ताम्रपट फोंडा तालुक्यातल्या बांदोड्याला सापडला, त्यात 'खज्जन' भूमीच्या दानाचा उल्लेख आहे. हा ताम्रपट सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या कितीतरी शतके आधी या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातून शेत काढण्याची विद्या होती, आणि तिला आज आपण वापरतो तेच नाव होते.

ही विद्या सांभाळणारी संस्था म्हणजे गावकारी; पोर्तुगीजांनी तिला पुढे 'कोमुनिदाद' म्हटले. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा घेतला. त्यानंतर सोळाच वर्षांनी, १५२६ साली, खजिन्याचा अधिकारी आफोंसो मेशिया याने तिसवाडीतल्या गावांचे जुने रिवाज लिहून काढले. तो दस्तऐवज 'फोराल' या नावाने प्रसिद्ध आहे. मेशियाला गावकारीविषयी प्रेम नव्हते. त्याला वसुली बिनबोभाट हवी होती. परंतु वसुलीसाठी का होईना, एका परक्या सत्तेने येथल्या गावाचा कायदा कागदावर उतरवला, हे आमच्या इतिहासावर उपकारच झाले. त्यात आरंभी एक परंपरा नोंदली आहे: फार पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी ती भूमी लागवडीस आणली, आणि तेच पुढे गावकार झाले. येथे गावकारीचा हक्क जिंकण्यातून आलेला नाही, राजाने दिलेल्या सनदेतूनही आलेला नाही. तो ओसाड जमीन कसण्यातून आलेला सांगितला आहे.

गावकारीची रीत थोडक्यात अशी. गावाची जमीन गावकारांच्या वांगडांची सामाईक. शेते ठरावीक मुदतीने लिलावाने कसायला दिली जात. मानशीवरच्या मासेमारीचाही लिलाव होई. आलेल्या उत्पन्नातून आधी सरकारचा सारा, मग देवळाचा, कुळकर्ण्याचा, चाकरमान्यांचा आणि बांधाचा खर्च. आणि हे सर्व भागून जे उरेल ते गावकारांत 'झोण' म्हणून वाटले जाई. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. बांधाचा खर्च आधी, वाटणी मागून. ज्याला झोण हवी त्याला बांध धड ठेवावाच लागे, कारण बांध फुटला की त्या वर्षी वाटायला काही उरत नसे, आणि खाऱ्या पाण्याने जमीन माखली की पुढची दोन-तीन वर्षेही हातची जात.

येथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही सत्ययुगाचे वर्णन करीत आहोत असा समज व्हायचा. गावकार म्हणजे सारा गाव नव्हे. गावकारीत जन्माने जागा मिळे, तीही पुरुषांना. जे पाण्यात कंबरभर उभे राहून चिखल उचलीत, बांध चोपीत, शेत कशीत, त्यांतले पुष्कळ जण गावकार नव्हते. ते गावडे, कुणबी, मुंडकार, दुसऱ्याच्या जागेत दुसऱ्याच्या मर्जीने झोपडी घालून राहणारे. त्यांना झोण नव्हती. बांध सर्वांचा होता असे म्हणणे सोपे आहे. बांधाचे कष्ट सर्वांचे होते आणि बांधाचे फळ थोड्यांचे, हे अधिक खरे आहे. गावकारीचे गोडवे गाणाऱ्या कित्येक लेखांत ही बाब एका वाक्यात उरकलेली आढळते. आम्हांला ती सगळ्या गोष्टीची कळ वाटते.

पोर्तुगीजांच्या साडेचारशे वर्षांत गावकारी मेली नाही, पण तिचे रूप पालटले. सरकारने वेळोवेळी तिच्याकडून पैसा काढला. गावकारांच्या हक्कांचे रोख्यांसारखे भाग झाले, ते विकले जाऊ लागले, आणि ज्यांनी बांध कधी पाहिलाही नाही अशा माणसांच्या पदरी गावाच्या उत्पन्नाचा वाटा पडू लागला. फिलिप नेरी शाव्हियेर याने १८५२ साली कोमुनिदादींचा इतिहास लिहिला तेव्हा हा पालट दिसू लागला होता. त्यानंतर १९०४, १९३३ आणि १९६१ साली कोमुनिदादींच्या संहिता झाल्या. प्रत्येक संहिता आधीच्यापेक्षा जाड, आणि प्रत्येकीत सरकारी अंमलदाराची सही आधीपेक्षा अधिक ठिकाणी लागणारी. बांध तोच होता, त्यावर चिखल टाकणारे हातही तेच होते; पण चिखल टाकण्याची परवानगी आता दूरच्या कचेरीतून यावयाची होती. भरती परवानगीसाठी थांबत नाही.

आपल्याकडच्या किनाऱ्याचीही कहाणी याहून फार वेगळी नाही, म्हणून क्षणभर तिकडे वळतो. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरात 'शिलोत्री' वहिवाटीचे वर्णन आहे. खाडी बांधून ज्याने जमीन काढली तो बाहेरचा बांध राखी, आणि त्याबद्दल आतल्या कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे ठरावीक भात घेई. हाही करारच होता: भात द्या, बांध राखतो. भात घेणे चालू राहिले आणि राखणे ढिले पडले की कराराचा एकच पाय उरतो. त्याच खारेपाटात, अलिबागजवळच्या चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. त्यांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले आणि उपाशी राहून ती पडीक ठेवली. त्या संपाचा इतिहास अन्यत्र लिहिला गेला आहे. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला आणि बांधांसाठी मंडळ नेमले. म्हणजे तिथे बांधाचा धनी खोतावरून सरकार झाला.

गोव्यात हाच प्रश्न मुक्तीनंतर उभा राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि १९६४ साली कूळकायदा झाला. १९७६ सालच्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. आम्ही या कायद्याच्या बाजूचे आहोत हे स्पष्ट सांगतो. पिढ्यानपिढ्या ज्यांनी चिखल वाहिला त्यांच्या नावाने जमीन झाली, यात न्याय झाला. परंतु न्याय करताना एक गोष्ट नजरेआड झाली. शेत तुकड्यातुकड्यांनी वाटता येते. बांध वाटता येत नाही. कुळाच्या नावाने झाला तो शेताचा तुकडा. पूर्वी बांधाचा खर्च ज्या सामाईक उत्पन्नातून निघे ते उत्पन्नच नाहीसे झाले. गावकारी म्हणू लागली, 'जमीन आता आमची नाही, बांध आम्ही का राखावा?' आणि कूळ म्हणू लागले, 'बांध तर नेहमी गावकारीचा.' दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

कायदा करणाऱ्यांना हे अगदीच सुचले नव्हते असे नव्हे. १९७५ साली नियम करून कुळांच्या संघटना स्थापण्याची तजवीज झाली. मानशीच्या मासळीचा लिलाव संघटनेने करावा, त्या पैशातून बांध राखावा, देखरेख मामलेदाराची, आणि मोठ्या कामाला सरकारची मदत. कागदावर ही योजना गावकारीपेक्षाही सरस होती, कारण इथे खाणारे आणि राखणारे प्रथमच एक झाले होते. मग ती पुष्कळ ठिकाणी पांगळी का झाली?

एक तर शेतीच आतबट्ट्याची झाली. खाजनातले एक पीक, त्याला मजूर महाग, आणि घरातला तरुण मुलगा आखातात, बोटीवर, हॉटेलात किंवा खाणीवर. शेत पडीक राहिले की मालकाला बांधाची निकड उरत नाही. दुसरे, नदीच बदलली. १९५० नंतर गोव्याचे लोहखनिज परदेशी जाऊ लागले, आणि ते वाहणारे बार्ज मांडवी, झुआरी आणि त्या दोहोंना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांतून रात्रंदिवस ये-जा करू लागले. बार्जच्या लाटेने बांधाचा पाया खणला जातो. पूर्वी बांधाला भरती-ओहोटीशीच झुंजावे लागे. जो दगड वीस वर्षे टिकायचा तो दोन वर्षांत निसटू लागला, आणि त्याचा खर्च खनिजाच्या हिशेबात कुठेच लागला नाही. तिसरे कारण मासळीचे, आणि ते आम्हांला सर्वांत जाचते.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिसवाडीतल्या एका गावी खाजन पाहायला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथे त्या वेळी भांडण चालू होते. एक वृद्ध शेतकरी आम्हांला बांधावरून घेऊन गेले. आम्ही त्यांना काका म्हणत होतो, ते आम्हांला 'मास्तर' म्हणत होते. पुण्याहून वही घेऊन आलेला मनुष्य दुसरा कोण असणार! बांधाला एके ठिकाणी आठ-दहा हात रुंद खिंडार पडले होते आणि भरतीचे पाणी निवांतपणे आत चालले होते. आम्ही विचारले, "काका, हा पावसात फुटला?" त्यांनी आमच्याकडे जरा दयेने पाहिले. "मास्तर, पावसात फुटलेला बांध वाकडा फुटतो," ते म्हणाले, "हा सरळ फुटलाय." मग थोड्या वेळाने कोकणीत, जणू स्वतःशीच, म्हणाले, "बांद फुटलो जाल्यार शेत वता, नुस्तें मात उरता." बांध फुटला की शेत जाते, मासळी मात्र उरते. झिंग्यांचा भाव चढला तेव्हापासून मानशीचा लिलाव घेणाऱ्याला भरतीतही दार उघडे हवे, आणि दार उघडे ठेवता येत नसेल तर बांधच नको. तो लिलाव संघटनेच्याच पेटीत पैसा टाकतो, म्हणून संघटना त्याला दुखवीत नाही. बांध राखण्यासाठी जो पैसा उभा करायचा, तोच बांध फोडणाऱ्याकडून यायचा, असा हा पेच आहे. काकांच्या शेतात त्या वर्षी भात नव्हते.

कोळंबीच्या तळ्यांनी देशाच्या साऱ्याच किनाऱ्यावर जे केले त्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या निकालात घेतली. त्याआधी, १९९१ साली, केंद्र सरकारने किनारा नियमनाची अधिसूचना काढली होती, आणि २०११ सालच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा नावानिशी उल्लेख आला: त्यांचे नकाशे करावेत, तिथली कांदळवने राखावीत, व्यवस्थापनाचा आराखडा करावा, बांधकामे होऊ देऊ नयेत. या ओळी वाचून आम्हांला संतोष वाटला. परंतु त्यात एक अडचण दडलेली आहे. बांध फुटून चार-सहा वर्षे झाली की बुडालेल्या शेतात कांदळ उगवते. निसर्गाच्या दृष्टीने ते उत्तम. कांदळवन माशांची वीण जपते, किनारा धरून ठेवते. पण आता त्या शेताचा मालक बांध पुन्हा घालून भात लावू म्हणाला, तर कांदळ तोडावे लागते, आणि कांदळ तोडणे हा गुन्हा आहे. म्हणजे ज्याने बांध फोडला त्याच्या कृत्यावर काही वर्षांनी कायद्याचे संरक्षण चढते, आणि ज्याला बांध बांधायचा तो आरोपी होतो. झाडाचे रक्षण करायचे तर ते बांधाच्या बाहेर, जिथे ते पूर्वी उभे होते तिथे करावे, हे गावातल्या पोरालाही कळते. पण अधिसूचनेला बांधाची आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगळी दिसत नाही, कारण ती लिहिणारा बांधावरून चाललेला नसतो.

काही गावांत संघटना नेटाने चालतात हेही सांगितले पाहिजे. तिथे लिलावाच्या अटींतच लिहिलेले असते की अमुक तारखेनंतर खारे पाणी आत घेता येणार नाही, आणि दार बिघडले तर दुरुस्ती लिलाव घेणाऱ्याने करावयाची. अट जुनीच आहे. ती पाळली जाते याचे कारण विचारले तर लोक सांगतात की लिलावाच्या दिवशी सगळे येतात. फक्त समितीचे चार जण नव्हे, सगळे.

काकांच्या गावी आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. खिंडार तसेच होते, पण मानशीच्या दाराच्या दोन कुजलेल्या फळ्या कोणीतरी बदलल्या होत्या. नवे लाकूड जुन्यात उठून दिसत होते. कोणी बदलल्या असे विचारले तेव्हा काका म्हणाले, "म्हज्या नातवान. तो पणजेक नोकरेक आसा, आयतारा येता." बांधाला खिंडार असताना दाराच्या फळ्या बदलून काय उपयोग, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता. एवढ्यात ओहोटी लागली, आणि दार करकरत बाहेरच्या अंगाला उघडले.